आत्याच्या हाताचा गुण

आमच्या गावात म्हैस अडली की पहिली हाक जनावरांच्या डॉक्टरला जात नसे, माझ्या आत्याला जात असे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला आणि ती माहेरी आली ती कायमचीच. वडील तिला आक्का म्हणत, म्हणून सगळं गाव तिला आक्का म्हणू लागलं. ती मात्र धाकट्या भावालाही लाडानं दादाच म्हणायची.

तिच्या हाताला गुण आहे असं लोक मानत. आमच्याकडे हातगुण ही नुसती बोलायची गोष्ट नाही. पेरणीची पहिली मूठ कुणी टाकायची, नव्या म्हशीची पहिली धार कुणी काढायची, हे लोक विचार करून ठरवतात. एखाद्या हाताला गुण आहे असं ठरलं की त्या माणसाला मान मिळतो. नाही असं ठरलं, तर तोंडावर कुणी काही बोलत नाही. फक्त बोलावणं थांबतं.

आत्या दंडापर्यंत हात घालून आडवं आलेलं रेडकू सरळ करायची. रेडकामागून पडणारी वार अडकली तर तीही हळूहळू सोडवून काढायची. या कामाचे पैसे तिनं कधी मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत. रीत वेगळी होती. ज्या घरची म्हैस तिनं मोकळी केली, त्या घरातून दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे चिकाचा तांब्या यायचा. वर वाटी पालथी घातलेली आणि दृष्ट लागू नये म्हणून आत एक हिरवी काडी. तांब्या आला की आत्या बोट बुडवून चीक चाखायची, "दाट हाय," म्हणायची आणि आईला गूळ-वेलदोडा काढायला सांगायची. शाळेच्या डब्यात माझ्याकडे खरवसाच्या वड्या असत, म्हणून मुली माझ्याजवळ बसत. त्यांच्याच गोठ्यातला चीक माझ्या डब्यातून त्या परत खायच्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बारावीनंतर माझ्या लग्नाचं चाललं होतं, तेव्हा आत्या वडिलांना म्हणाली, "दादा, माजा जलम शेनात आन् वारंत गेला. हिचं हात तरी कोरडं ऱ्हाऊ देत." तिच्यापुढे वडिलांचं कधीच फार चालत नसे. मी सांगलीला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलं. हे मी विसरलेले नाही, आणि पुढचं सगळं वाचतानाही वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आत्याला ताप यायला लागला. दिवसा ती बरी असायची. दिवेलागणीला अंग तापायचं आणि पहाटे घामानं लुगडं ओलं व्हायचं. कंबर धरायची, गुडघे सुजायचे. मग आठ-पंधरा दिवस काहीच नाही, आणि पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून सलाइन लावलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी मलेरियाचं औषध दिलं. तिसऱ्यांनी वय झालं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. आत्या म्हणायची, "डॉक्टर बदलला की रोगाचं नाव बदलतंय. ताप बिचारा त्योच हाय." वर्षभरात ती वाळून गेली. आक्काला ताप येतो हे साऱ्या गावाला माहीत झालं, कारण ताप असला तरी ती बोलावणं आलं की जायचीच.

पदवीनंतर मला मिरजेच्या एका वैद्यकीय कॉलेजातल्या संशोधनात काम मिळालं. जनावरांपासून माणसांना होणाऱ्या रोगांचा तो अभ्यास होता. लोणंदकडच्या वाड्यांपासून आमच्या तालुक्यापर्यंत गावं निवडायची, जनावरांचं रक्त आणि दूध घ्यायचं, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचंही रक्त घ्यायचं. संशोधनाचे प्रमुख माणसांचे डॉक्टर होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मुलाखतीत मला इंग्रजीत एक वाक्य धड बोलता आलं नाही. सर म्हणाले, "मराठीत सांगा. गोठ्यात आपण इंग्रजी बोलणार आहोत का?" त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. आजही आहे. आजही असावं लागतं, याचाच जास्त त्रास होतो.

पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हाला ब्रुसेलोसिस शिकवला. जनावरात या रोगानं गाभ पडतो, वार अडकते. त्या वारेतून, विताना पडणाऱ्या पाण्यातून, कच्च्या दुधातून जंतू माणसात येतात. माणसाला महिनोन् महिने चढता-उतरता ताप, घाम, कंबरदुखी. डॉक्टरसुद्धा त्याला भलतंच काही समजतात. सर फळ्यावर लक्षणं लिहीत होते आणि मला वाटत होतं, हे आमच्या घरी येऊन गेलेत. तास संपल्यावर मी त्यांना आत्याबद्दल सांगितलं. त्यांनी आमचं गाव यादीत घेतलं.

जीप गावात आली त्या दिवशी लोकांनी चांगलीच मजा केली. आमच्यासोबतचे तरुण पशुवैद्य म्हशीच्या मानेतून रक्त काढत होते. बांधाला बांध असलेले आमचे शेजारी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते म्हणाले, "डॉक्टर, म्हशीचं काढा हवं तेवढं. माजं काडू नगा, आमच्या मंडळीनं आधीच प्यालंय." त्यांच्या बायकोनं आतून ओरडून सांगितलं, "त्येंच्यात रगात हाय का बगा आधी!" सगळे हसले आणि हसता हसता तात्यांनी हात पुढे केला.

नेमकी त्याच दिवशी दुसऱ्या एका गोठ्यातली म्हैस व्यायला बसली. आत्या तिथं होती. पशुवैद्यांनी मोबाइलवर फोटो काढला. रेडकाचे पुढचे पाय धरलेला, कोपरापर्यंत माखलेला आत्याचा हात. मनगटावर गोंदलेली तुळस आणि दंडावर जुना भाजल्याचा डाग. चेहरा फोटोत आला नाही.

नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात. आत्याच्या नळीवरचा आकडा मीच चिकटवला होता. मिरजेला आल्यावर रक्तावर जमलेलं पिवळसर पाणी आम्ही काचपट्टीवर घेतलं आणि त्यात गुलाबी औषधाचा थेंब मिसळला. रोग नसला तर थेंब नुसताच गुलाबी राहतो. असला तर त्यात रवा पडल्यासारखे दाणे दिसायला लागतात. आत्याच्या थेंबात दाणे दिसायला वेळच लागला नाही. सरांनी पुढची तपासणी करून खात्री केली आणि दुसऱ्याच दिवशी तिला बोलावून घेतलं. दोन प्रकारच्या गोळ्या, दीड महिना. त्यांतली एक टीबीवरही देतात. लघवी नारंगी व्हायची. आत्या म्हणाली, "भगवी झाली बाई मी आतनं."

ताप गेला. दिवाळीला तिनं स्वतः दळण केलं. माझ्या शिक्षणाचा उपयोग काय झाला असं कुणी विचारलं तर मी हे सांगू शकत होते. तेव्हा मला वाटलं, गोष्ट इथंच संपली.

संशोधनात लोकजागृतीचाही भाग होता. म्हणून सर आणि पशुवैद्य एका सकाळी पुन्हा गावात आले. डेअरीत दूध घातल्यावर लोक कट्ट्यावर जमतात, तिथंच सभा ठेवली. आत्या बायकांत पुढे बसली होती. सरांना आमच्या घरचा खरवस द्यायचा म्हणून तिनं डबाही आणला होता. पशुवैद्यांनी खांद्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा हातमोजा दाखवला.

"एवढा लांब? ही नवरदेवाची पाटलोण हाय का काय?" एकजण म्हणाला.

पशुवैद्यही हसले आणि समजावू लागले. म्हैस विताना उघडा हात घालू नका. वार झाडाला बांधू नका, चुना टाकून खोल पुरा. आमच्याकडे वार पोत्यात घालून ओढ्याकाठच्या वडाला टांगतात. वडाला चीक असतो, त्यानं म्हशीला दूध वाढतं अशी समजूत आहे. खाली कुत्री बसलेली असतात. पशुवैद्यांनी हे सगळं नीट सांगितलं. मग ते म्हणाले, "लक्षात ठेवा, हा रोग हातावरून फिरतो."

त्यानंतर सर उठले. लोकांना धीर यावा म्हणून ते म्हणाले, "याच गावातल्या एका ताईंना हा आजार होता. वर्षभर ताप होता. आपण तो शोधला, औषध दिलं, आज त्या ठणठणीत आहेत. नाव मी सांगणार नाही."

नाव सांगायची गरजच नव्हती. वर्षभर ताप असलेली बाई गावात एकच होती. सगळ्यांनी एकदम आत्याकडे पाहिलं. सर टाळीची वाट पाहत होते. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन.

तात्या उठले. "सायेब, एक इचारू का? ज्या मानसाच्या अंगात ह्यो रोग हाय, त्येनं म्हशीला हात घातला तर?"

पशुवैद्य म्हणाले, "हात धुतलेला नसेल, मोजा नसेल, तर एका गोठ्यातली घाण दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकते."

"मग गेल्या साली माजी म्हस गाभडली ती?"

"तसं निश्चित सांगता येत नाही. पण शक्यता नाकारताही येत नाही."

शास्त्राच्या दृष्टीनं हे वाक्य बरोबर आहे. मीही ते अहवालात पुष्कळदा लिहिलं आहे. पण डेअरीच्या कट्ट्यावर ते वाक्य म्हणजे निकाल असतो.

मी उठून बोलले. म्हटलं, "तात्या, म्हैस गाभडल्यावर तुम्ही आत्याला बोलावलंत. आधी नाही. वार अडकली होती ती तिनं काढली. तिच्यामुळं म्हैस गाभडली नाही, तुमच्या म्हशीपासून तिला रोग झाला असेल."

"तू घरचीच हाईस गं," तात्या शांतपणे म्हणाले. "तू दुसरं काय बोलनार?"

पशुवैद्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, की आता इथं वाद नको. सभा संपली. लोकांना मोफत हातमोजे वाटले. सर जीपमध्ये बसले तेव्हा आत्यानं खरवसाचा डबा पुढे केला. त्यांनी तो आनंदानं घेतला. गावात कुणी तिच्या हातून घेतलेला तो शेवटचा खरवस.

त्या संध्याकाळीच गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कुणीतरी हाताचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, "हातगुण." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी ते आत्याला दाखवलं नाही. शेजारच्या पोरींनी दाखवलं.

मग बोलावणं थांबलं. भांडण झालं नाही, कुणी वाईट बोललं नाही. रस्त्यात भेटल्यावर "आक्का, बरं हाय न्हवं?" असं आधीपेक्षा जास्त आपुलकीनं विचारायचे. फक्त म्हैस व्याल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं, कधी त्या घराच्या सारवलेल्या अंगणावरून, कधी दुरून येणाऱ्या रेडकाच्या आवाजावरून. आत्या परसात उभी राहून कान देऊन ऐकायची. "रेडी न्हाई, रेडा झालाय," म्हणायची आणि आत जायची.

मला सगळ्यात जास्त सलतं ते हे, की यापलीकडे गावानं काहीच बदललं नाही. हातमोजे पोरांनी फुगवून उडवले. म्हशींच्या अंगात लोक आजही उघडे हात घालतात. फक्त ते हात आत्याचे नसतात. वडाला पोती टांगलेली आहेतच. आणि तात्यांची ती गाभडलेली म्हैस? सभेच्या कितीतरी आधी त्यांनी ती बाजारात विकली होती. ती गाभडली होती हे घेणाऱ्याला सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. ती आज कुणाच्या गोठ्यात आहे, तिथं कोण तिची वार काढतं, हे कुणीच शोधणार नाही.

आमच्या तपासणीत गावातल्या इतरही काही म्हशींच्या थेंबात दाणे दिसले होते. त्या कुणाच्या हे मालकांना कळवायची सोय संशोधनात नव्हती. कळवलं तर भरपाई कोण देणार, आणि भरपाईशिवाय कळवलं तर म्हैस दुसऱ्या दिवशी बाजारात जाणार, असं पशुवैद्यांचं म्हणणं होतं. तेही खोटं नव्हतं. पण त्याचा अर्थ असा झाला, की म्हशींची नावं आकड्यांमागे सुरक्षित राहिली आणि माझ्या आत्याचं तेवढं उघडं पडलं.

मी हे सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. तिथूनच म्हणाले, "वाईट वाटतं. पण लोक विसरतात. वर्षभरात सगळं पूर्ववत होईल."

"सर, तुम्ही एकदा येऊन सांगाल का? की आता तिच्यात काही नाही म्हणून?"

"येऊ ना," ते म्हणाले. "पुढच्या टप्प्यात तुमचं गाव आहेच."

पुढचा टप्पा मंजूर झाला नाही. त्याच महिन्यात सरांना परगावी परिषदेत पोस्टर मांडायचं होतं. मराठी मजकूर नीट आहे का ते पाहायला मला बोलावलं, तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. पोस्टरच्या मधोमध आत्याचा हात होता. गोंदलेली तुळस, भाजल्याचा डाग, रेडकाचे पाय. खाली लिहिलं होतं, "जोखमीची सवय."

"सर, हा फोटो काढून टाकता येईल का?"

"का? चेहरा कुठे दिसतोय?"

"आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा हा हात ओळखेल."

सर मनापासून हसले. "तुमच्या गावातलं कोण येणार आहे परिषदेत?"

पोस्टरला बक्षीस मिळालं. आता ते कॉलेजच्या विभागात जिन्याच्या वरच्या भिंतीवर लावलं आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते. सरांनी मला दुसऱ्या कामावर घेतलं, पगार वाढवला, परीक्षेला बसायला रजा दिली. माझ्या वडिलांना ते देवासारखे वाटतात. मी घरी त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलू शकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी होते. भर दुपारी तात्यांची बायको धावत आली. तात्यांनी नवी घेतलेली म्हैस सकाळपासून अडली होती. तालुक्याचे डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्यांचा फोन लागत नव्हता. गावातल्या दोघा-तिघांनी हात घालून पाहिले होते. ती अंगणातच थांबली, पायरीही चढली नाही. "आक्का," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

वडील म्हणाले, "जायाचं न्हाई."

आत्या उठली. "दादा, म्हशीनं काय केलंय?" मग मला म्हणाली, "ते तुजं लांब पायमोजं आन."

मी तिच्यासाठी हातमोज्यांचं खोकं आणून ठेवलं होतं, ते तसंच बंद होतं. तिनं मोजा चढवला, कपाळाला आठी घातली. "ह्यात हात आंधळा हुतो गं." तरी काढला नाही. तात्यांच्या गोठ्यात ती गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले आणि बराच वेळ आत चाचपत राहिली. रेडकाची मान मागे वळली होती. ती तिनं कशी सरळ केली ते मला सांगता येणार नाही. शेवटी तिनं तात्यांना ओरडून पाय ओढायला लावलं. रेडी झाली, जिवंत. नंतर वार पडेपर्यंत ती थांबली आणि चुना आणायला लावून तिनं ती समोर उभं राहून पुरून घेतली. खड्डा तात्या खणत होते.

हात धुवायला तिनं तांब्यासाठी हात पुढे केला. तात्यांच्या बायकोनं तांब्या दिला नाही. स्वतःच वरून पाणी घातलं, बरंच उंचावरून. आम्ही अंगणाबाहेर पडलो आणि मागे शेण कालवायचा आवाज आला. आत्या बसली होती त्या जागेपासून फाटकापर्यंत तात्यांची बायको सगळं सारवायला लागली होती. म्हैस व्याली की सारवतातच, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं अंघोळ लवकर उरकली. गूळ किसला. उन्हं वर आल्यावर तात्यांची सून तांब्यावर वाटी पालथी घालून बाहेर पडली. आमच्या दारावरून गेली, पदर सावरत, पुढच्या घरी. परत येताना तांब्या रिकामा होता.

आत्यानं किसलेला गूळ परत डब्यात भरला. "बरं झालं," ती म्हणाली. "तू म्हनतीसच न्हवं, दुसऱ्याच्या गोठ्यातलं खाऊ नगा."

"मी कच्चं म्हणते, आत्या. खरवस शिजवलेला असतो."

"व्हय का?" तिनं हातावरचा गूळ चाटला. मग विचारलं, "तुज्या सायबाच्या त्या भिताडावर माजा हात हाय म्हनाली हुतीस. हाय का अजून?"

"आहे."

"काय लिवलंय खाली?"

मी किसणी पुसायला घेतली. तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ती म्हणाली. "कुटंतरी कामाला हाय म्हनायचं."